चार प्रांत, पाच पेले

१

पाचवा पेला टेबलावर ठेवून सर म्हणाले, "जरा पंखा लावा," आणि खुर्चीसकट मागे पडले.

पंखा चालूच होता. तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. सरांचा चेहरा लालभडक झाला होता. कान, मान, सदऱ्याच्या वरच्या बटणापर्यंत सगळं लाल. श्वास लागला होता आणि छाती अशी उडत होती की कापडावरून दिसावी. मग त्यांना फरशीवरच उलटी झाली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि खोलीत आम्ही चौघं होतो.

सरांना सगळं शहर 'नाक' म्हणतं. तीस वर्षं ते आमच्या घाऊक दुकानासाठी वाइन पारखत आले. दुकान वर्षभर कुठल्या प्रांताचा माल ठेवणार हे एका सकाळी ठरतं. एकाच जातीच्या द्राक्षाची चार प्रांतांची वाइन येते, समुद्राकाठची, डोंगरातली, नदीखोऱ्यातली आणि माळावरची. बाटल्यांना कागद गुंडाळलेला असतो, कुठली कुठली ते कळत नाही. पेले मात्र पाच. एक वाइन मुद्दाम दोनदा ओततात, चाखणारा शुद्धीवर आहे का ते बघायला. चाखायची, तोंडात फिरवायची आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायची. गिळायची नाही. पारखणारा गिळायला लागला तर पारखणारा राहत नाही, हे सरांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

रुग्णवाहिका आली, सरांना घेऊन गेली. त्यांच्या घरी फोन करायचं काम माझ्यावर आलं, कारण वाईट कामं नेहमी माझ्यावरच येतात. फोन काकूंनी, सरांच्या बायकोने, उचलला. मी कसंबसं सांगितलं की सर चाखता चाखता पडले, दवाखान्यात नेलंय.

 काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गिळली त्याने?"

आणि फोन ठेवला.

२

मी परत खोलीकडे आले तर दुकानाच्या मालकीणबाई दाराला कुलूप लावत होत्या.

"कशाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "पेले, भांडी, कागद, सगळं आहे तसं राहू दे. ओतलं कुणी?"

ओतलं मी. दरवर्षी मीच ओतते. हे त्यांना माहीत होतं, तरी विचारलं, म्हणजे प्रश्न उत्तरासाठी नव्हता.

"पेले कुणी पुसले?"

तेही मीच.

"आणि हे काळे पेले कुणाच्या डोक्यातून निघाले?"

 यंदा पहिल्यांदाच आम्ही काळ्या काचेचे पेले आणले होते, म्हणजे रंग बघून कुणी अंदाज बांधू नये. शिवाय आपापला चाखणीचा कागद भरून हातातून जाईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा नियम केला होता. दोन्ही कल्पना माझ्या. दोन आठवड्यांपूर्वी यावरून सरांनी मला सगळ्यांसमोर झाडलं होतं. "हा माझा अपमान आहे," म्हणाले होते. मीही गप्प बसले नव्हते. माझी जीभ पारखायला चांगली आहे, आवरायला नाही.

"त्यांच्यानंतर ही जागा तुला मिळणार," मालकीणबाई म्हणाल्या. "हे मी म्हणत नाही, लोक म्हणतील. डॉक्टर सांगतायत हृदय ठीक आहे, काहीतरी पोटात गेलंय. पाच वाजता मी पोलिसांना बोलावणार."

दहा वर्षं या दुकानात घालवली. सरांच्या पायाशी बसून शिकले. आणि आता मी त्यांना विष घातलं म्हणे. मला रडूही येईना. मी जिन्यात बसून मावशीला फोन केला.

मावशीने चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. वाइनचा थेंब तिने कधी तोंडाला लावलेला नाही. माझ्या नोकरीला ती 'चूळ भरायची नोकरी' म्हणते. पण मालकीणबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या पंचवीस वर्षं तिच्याच हातून गेल्यात. ती आली, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "बाई, पाचपर्यंत वेळ आहे ना? मग खोलीची किल्ली द्या. तुम्हीही माझ्यासोबत आत उभ्या राहा, म्हणजे नंतर कुणी काही बोलायला नको."

मालकीणबाईंनी किल्ली दिली. 

३

मावशीने आधी माणसं घेतली.

तळघर सांभाळणाऱ्या माणसाला आम्ही 'कुलूप' म्हणतो, कारण त्याच्या कमरेला किल्ल्या असतात आणि तोंड बंद असतं. बाटल्यांना कागद गुंडाळून आकडे टाकायचं काम त्याचं. कुठल्या आकड्यामागे कुठला प्रांत हे फक्त त्याला ठाऊक.

"बाटल्यांत काही होतं का?" मावशीने विचारलं.

"नाही."

"खात्रीने कसं सांगता?"

कुलूप जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यांना घेऊन गेले आणि बाईंनी दार लावायच्या आत मी पाची बाटल्यांतलं थोडं थोडं प्यालो."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, विष असतं तर?"

"असतं तर कळलं असतं," कुलूप म्हणाला. "तीस वर्षांत माझ्या तळघरातून खराब बाटली वर आलेली नाही. लोक म्हणणार, तळघरातली वाइन प्यायला आणि मेला. माझी इज्जत गेली असती. मला काही झालं नाही, बघा."

त्याला खरंच काही झालं नव्हतं, गाल थोडे गुलाबी होते एवढंच. मावशीने त्याला पाणी प्यायला सांगितलं.

मग 'साखर' आला. हा हॉटेलांसाठी वाइन खरेदी करतो, चौथा चाखणारा. बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला तहान लागावी. "मला कुणाचं वाईट बोलायचं नाही," त्याने सुरुवात केली, तेव्हाच मी ओळखलं की आता बोलणार. "पण हिने सरांचा तिसरा पेला ओतण्याआधी फडक्याने पुन्हा पुसला. फक्त त्यांचाच. मी बघितलं."

पुसला होता. त्यावर अंगठ्याचा ठसा होता आणि सरांना ठसे चालत नाहीत. पण हे सांगताना माझं मलाच खोटं वाटलं. मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या.

मावशीने फडक्याचं नावच काढलं नाही. तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होतात. ते नेहमीसारखे चाखत होते?"

"अहो, ते म्हणजे नजाकत," साखर म्हणाला. "आम्ही थुंकतो तेव्हा नळ सोडल्यासारखा आवाज होतो. त्यांचा आवाजच नाही. वाकायचे, रुमाल ओठांना लावायचे, झालं. हल्ली तर फारच सफाई आलीय त्यांच्यात."

"हल्ली म्हणजे?"

"पाच-सहा महिने असतील."

मावशी उठली. "मापाचं भांडं आहे का इथे, औषधांच्या दुकानात असतं तसं?"

मी विचारलं, काय मोजायचंय. ती म्हणाली, "थुंकी."

४

मला किळस येत नाही, धंदाच तो आहे. मालकीणबाईंना आली. त्या दारात नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या.

सर पडले तेव्हा त्यांच्या टेबलावरचा एकही पेला सांडला नव्हता आणि त्यांचं भांडं जागेवरच होतं. मी प्रत्येक पेल्यात पन्नास मिली ओतते, तो हात दहा वर्षांत चुकलेला नाही. पाच पेले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशे मिली. मावशीने आधी माझे पेले मोजले, मग माझं भांडं. दोन्ही मिळून दोनशे चाळीस. मालकीणबाईंचं दोनशे पस्तीस. साखरेचं अडीचशेच्या वर गेलं, लाळ सुटली असेल.

मग सरांचं. पेल्यांत उरली होती साठ. भांड्यात पंचवीस.

मावशीने भांडं दोनदा बघितलं आणि बाजूला ठेवलं. "एकशे पासष्ट मिली कुठे गेली?" ती म्हणाली. "कपभर वाइन हवेत उडत नाही."

 सरांनी गिळली होती. सरांनी. माझ्या कानात फोनवरचा काकूंचा आवाज घुमला आणि मी मावशीला ते दोन शब्द सांगितले. तिने चष्मा काढून पुसला.

"आता कागद दाखव," ती म्हणाली. "आणि मला अडाण्याला सांगतात तसं सांग."

मी सांगितलं. तेच द्राक्ष, पण माती आणि हवा बदलली की वाइनच वेगळी होते. समुद्राकाठची वाइन जिभेवर खारट लागते आणि वास ओल्या दगडाचा. डोंगरातली आंबट, जिभेच्या कडा शिवशिवतात, वास हिरव्या सफरचंदाचा. नदीखोऱ्यातली मऊ, तोंडात भरून राहते, वास पिकल्या आलुबुखाराचा. माळावर ऊन फार, त्यामुळे द्राक्षात साखर जास्त आणि वाइनमध्ये दारू जास्त. ती घशाला गरम लागते, वास वाळल्या गवताचा आणि मिऱ्यांचा. हे सांगताना माझा आवाज जरा नीट झाला. या चार गोष्टी मला झोपेतही सांगता येतात.

कुलुपाने आकडे फोडले. माळावरची दोनदा आली होती, दुसऱ्या आणि पाचव्या पेल्यात.

माझ्या कागदावर दोन्हीकडे गवत आणि मिरी होती. मालकीणबाईंच्या कागदावरही साधारण तसंच. सरांच्या कागदावर आंबटपणा दोन्हीकडे सारखा, घशातली उष्णता दोन्हीकडे सारखी, अगदी बरोबर. वास मात्र दुसऱ्या पेल्याला ओला दगड आणि पाचव्याला आलुबुखार.

"असं होतं कधी?" मावशीने विचारलं.

"नवख्यांचं होतं. सरांचं नाही."

"गेल्या वर्षीचा कागद असेल ना कुठे?"

मालकीणबाईंनी कपाटातून काढला. मी दोन्ही शेजारी ठेवले. सरांनी वासाच्या रकान्यात गेल्या वर्षीचीच वाक्यं लिहिली होती. त्याच क्रमाने, शब्दही तेच. पाचव्या पेल्याला गेल्या वर्षी नदीखोऱ्यातली होती.

 मावशी म्हणाली, "जीभ चालतेय, घसा चालतोय. नाक चालत नाहीये. वास येत नाही म्हणून हा माणूस गिळतो, घशात आणि पोटात काय होतं त्यावरून ओळखतो. एरवी रंगाचा आधार असेल. आज तुमच्या काळ्या पेल्यांनी तोही काढून घेतला, म्हणून जास्त गिळली."

"पण कपभर वाइनने कुणी असं पडतं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"नाही पडत," मावशी म्हणाली. "एक औषध पोटात असल्याशिवाय."

तिने पिशवी उचलली. सव्वातीन झाले होते.

५

दवाखान्याच्या बाकावर काकू एकट्या बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मावशीने त्यांच्या शेजारी बसून विचारलं, "ताई, दारू सोडवायच्या गोळ्या कधीपासून देताय?"

मला वाटलं काकू भडकतील. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "दहा दिवस. सकाळच्या कॉफीत. माझ्या भावासाठी आणल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

मावशी उठून तडक आत गेली आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगून आली. या गोळ्या पोटात असताना दारू गेली की अंग लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, माणूस मरूही शकतो. इतक्या वेळात हे डॉक्टरच्या ध्यानात कसं येणार? पारखणारा गिळतो हे त्याला माहीत नव्हतं, आणि गोळ्यांबद्दल कुणी बोललं नव्हतं.

मला काकूंचा राग आला आणि मी तो लपवला नाही. "काकू, ते वाइन चाखायचं काम करतात. तुम्ही त्यांना हे औषध कसं दिलंत?"

काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कामावर तो थुंकतो," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं थुंकतोय. लग्न झालं तेव्हा मला हेच सांगितलं होतं, घाबरू नकोस, मी पीत नाही, थुंकतो. गेल्या काही महिन्यांत आठवड्यातून दोनदा झोकांड्या खात घरी यायला लागला. मी समजले, कामानंतर कुठेतरी बसतो. विचारलं तर चिडायचा. म्हटलं, गोळ्या देऊ. कामाला काही बाधा येणार नाही, बाहेरची सुटेल. आणि सुटली गं. दहा दिवस एकदाही पिऊन आला नाही. मला वाटलं, गुण आला."

 मोठ्या चाखणीआधी दहा दिवस दुकानात कुणीच वाइनला शिवत नाही, जीभ स्वच्छ राहावी म्हणून. हा आमचा जुना नियम. त्या दहा दिवसांत सरांच्या पोटात वाइन जातच नव्हती, काकूंना तो औषधाचा गुण वाटला होता.

"थोडी तर तोंडातूनही आत जाते, ताई," मावशी म्हणाली. "न सांगता औषध देणं फार वाईट. तुम्ही त्यांना मारलं असतं." काकू त्यावर हो म्हणाल्या आणि रडायला लागल्या, आणि मावशीने त्यांचा हात धरला.

नर्स बाहेर आली. सर शुद्धीवर होते आणि मला बोलावत होते. काकूंना नाही, मला.

६

सरांच्या चेहऱ्यावरची लाली उतरली होती, आता पांढरे दिसत होते. मावशीने त्यांना सगळं सांगितलं, कॉफीपासून थुंकीच्या मापापर्यंत. काकू दाराशी उभ्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं.

"मला विचारायचंस," ते म्हणाले.

"विचारलं होतं. तू ताट सारून उठलास."

 आठ महिन्यांपूर्वी साधी सर्दी झाली होती, ते म्हणाले. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. कॉफीचा नाही, साबणाचा नाही, कशाचाच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिले.

मला दया यायला हवी होती. आलीही. पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. आठ महिन्यांत सरांची एकाही बाटलीची पारख चुकली नव्हती. मार्चमध्ये डोंगरातल्या शंभर पेट्यांना बुचाचा कुबट वास आहे असं सरांनी सांगितलं आणि माल परत गेला, शहरभर वाहवा झाली. घशाने कुबट वास कळत नाही.

"सर," मी म्हटलं, "मार्चमधल्या त्या पेट्या. वास तुम्हाला कसा कळला?"

त्यांनी डोळे मिटले.

आणि मला कळलं. आठ महिने प्रत्येक बाटलीआधी सर मला विचारायचे, "तुला काय वाटतं, आधी तू सांग." मी सांगायचे. ते मान हलवायचे आणि मग मालकीणबाईंच्या खोलीत जायचे. मला वाटायचं, सर मला घडवतायत. मी घरी जाऊन मावशीला फुशारकीने सांगायचे की आता ते माझं ऐकतात. मग मी काळे पेले आणले, बोलायला बंदी केली. त्यांचे डोळेही गेले आणि मीही गेले.

"तू फार हुशार आहेस," सर डोळे मिटूनच म्हणाले. "मी हे कुणाला सांगायचो नाही, एवढंच चुकलं."

"एवढंच?" मी म्हटलं.  "माझ्यावर तुम्हाला विष घातल्याचा आळ आलाय, सर. पाच वाजता पोलीस येणारेत."

"बाईंना सांग हृदयाचं होतं. डॉक्टरला मी सांगतो. हिच्या गोळ्यांचंही बाहेर जायला नको. तीस वर्षांचं नाव आहे गं."

"आणि माझं?"

मावशी मध्ये पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. साडेचार वाजले होते. सरांच्या पायाशी बसून मी जे शिकले ते सगळं त्या खोलीत माझ्यासोबत होतं, आणि तरीही मला त्यांना हलवून विचारावंसं वाटत होतं की तुम्हाला लाज कशी वाटली नाही.

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. मालकीणबाईंचा आवाज आला, "बोल."

सरांनी फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाले, "मी बोलतोय. पोलिसांना बोलावू नका. तिने काही केलेलं नाही. माझं नाक आठ महिन्यांपूर्वी गेलं. तेव्हापासून तुम्ही जो माल घेतला तो तिच्या शब्दावर घेतलाय. माझा त्यात फक्त आवाज होता."

  मालकीणबाईंनी एकच विचारलं, "मार्चच्या पेट्यासुद्धा?"

"त्यासुद्धा."

फोन बंद झाला. काकू पुढे आल्या होत्या आणि नवऱ्याकडे असं बघत होत्या, जसं घरातल्या घरात कुणी अनोळखी भेटावं. सर माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी मोठ्या मनाचं बोलावं अशी त्यांची अपेक्षा असावी. माझ्या मावशीचीही असेल.

मी पिशवीतून चाखणीची वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेनासकट त्यांच्यापुढे धरली.

"हेच लिहून द्या, सर," मी म्हटलं. "तारखेसकट."

त्यांनी लिहायला घेतलं. हात इतका कापत होता की अक्षर ओळीबाहेर जात होतं. मी तो धरला नाही. शेवटी काकूंनी पलंगाच्या कडेला बसून वही दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि सर सही करेपर्यंत हलू दिली नाही.